घराचे मोल आणि विजेची बचत

घर विकावयास काढले म्हणजे घरमालक बहुधा प्रथम रंगाऱ्याला बोलावतो. भिंतींना नवा रंग लागतो, स्वयंपाकघरातील ओटा गुळगुळीत होतो, दर्शनी दाराला नवी कडी बसते. घर पाहावयास येणारा ग्राहकही याच गोष्टी पाहतो. तो सहसा सकाळी किंवा संध्याकाळी येतो, पाऊण तास हिंडतो, नळ सोडून पाहतो आणि निघून जातो. त्या घरात मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता बसवेल काय, आणि त्यासाठी दरमहा विजेचे देयक किती येईल, हे दोन प्रश्न मात्र व्यवहार पुरा होईपर्यंत क्वचितच विचारले जातात. घरातील ज्या सुधारणा सर्वांत उपयुक्त असतात त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ज्या दिसतात त्या फारशा उपयुक्त नसतात, ही या विषयातील मूळ अडचण होय. अल्प खर्चात कोणत्या सुधारणा करता येतात, आणि त्या ग्राहकाच्या नजरेस कशा आणून देता येतात, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी अहमदाबाद शहर घेणे सोयीचे होईल. त्या शहराने उन्हाळ्याची किंमत मोजलेली आहे. २०१० सालच्या मे महिन्यात तेथील तापमान ४६.८ अंश सेल्सियसपर्यंत चढले. त्या एका महिन्यात, नेहमीच्या मे महिन्याशी तुलना करता, सुमारे १,३०० माणसे अधिक मृत्यू पावली, असे पुढे झालेल्या अभ्यासात आढळले. या अनुभवातून २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेच्या लाटेला तोंड देण्यासाठी कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील या प्रकारचा तो पहिलाच आराखडा होता. २०१७ मध्ये त्याला जोडून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात हाती घेण्यात आला. आराखड्यातील इतर उपायांबरोबर छपराकडे लक्ष का गेले, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

मे महिन्यात अहमदाबादेत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दुपारच्या उन्हाचा खरा मारा भिंतींवर होत नाही, तो गच्चीवर होतो. निरभ्र आकाशातून त्या वेळी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट इतकी ऊर्जा पडते. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर एक-एक किलोवॅटच्या ५० शेगड्या पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. जुने, करडे पडलेले सिमेंट यांपैकी निदान दोन-तृतीयांश उष्णता शोषून घेते. तिचा काही भाग वारा वाहून नेतो, काही आकाशात परत जातो; पण उरलेला भाग स्लॅबमध्ये मुरतो. स्लॅब जाड असल्याने ही उष्णता खाली पोहोचण्यास काही तास लागतात. म्हणूनच सूर्य मावळल्यानंतरही वरच्या मजल्यावरील छत तापलेले राहते आणि पंखा लावला तरी गरम वाराच अंगावर येतो. वरच्या मजल्यावरील सदनिका पाहून ग्राहक नाक मुरडतो, याचे गळतीच्या खालोखालचे कारण हेच असते.

हीच गच्ची ताज्या चुन्याने पांढरी केली, तर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग परतवला जातो. जी उष्णता आत शिरलीच नाही, तिला बाहेर काढण्यासाठी वीज लागत नाही, हे या विषयाचे पहिले सूत्र होय. खोलीच्या तापमानात यामुळे पडणारा फरक बांधणीनुसार बदलतो. साधारणतः तो दोन ते चार अंशांचा असतो. आकडा लहान वाटेल, पण झोप लागणे आणि न लागणे यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

चुन्याची सफेदी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे; तिचा खर्च एखाद्या खोलीच्या रंगकामाहूनही कमी येतो. परंतु पावसात ती धुपते आणि धुळीने मळते, म्हणून होळीनंतर दरवर्षी तिचा हात फिरवावा लागतो. चुना अंगावर उडाल्यास भाजतो, म्हणून काम करणाऱ्याने हात आणि डोळे झाकून घ्यावेत. त्याहून टिकाऊ, पण कित्येक पट महाग असे परावर्तक रंग बाजारात मिळतात. तिसरा उपाय गुजरातेत पूर्वापार चालत आला आहे. फुटक्या चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी गच्चीवर बसवितात. ती वर्षानुवर्षे टिकते आणि पाण्यालाही अडविते. महाराष्ट्रात विटांच्या तुकड्यांचा जो कोबा गच्चीवर घालतात, त्याचा हेतू मुख्यतः पाणी अडविणे हा असला, तरी त्या थरामुळे उष्णतेलाही थोडा अटकाव होतो. गच्चीची दुरुस्ती करावयाचीच असेल, तर त्याच खर्चात वरचा थर पांढरा करून घेणे शहाणपणाचे ठरते. गळती थांबली हे ग्राहकाला दिसते, गारवा त्याला आपोआप मिळतो.

या उपायाचे महत्त्व आता शासकीय धोरणातही मान्य झालेले आहे. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरे या प्रकारे करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इको-निवास संहितेत नव्या निवासी इमारतींच्या छपरातून किती उष्णता झिरपू द्यावी, याची मर्यादा घालून दिलेली आहे. साध्या उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भारत हा एकाच हवामानाचा देश नाही. लडाखमध्ये पांढरे छप्पर हा आशीर्वाद न ठरता शाप ठरेल. तेथे दक्षिणेकडे काचेची खोली जोडून हिवाळ्यातील ऊन घरात साठविणे हीच खरी सुधारणा होय. मुंबई, गोवा किंवा चेन्नई येथील दमट हवेत वाऱ्याला समोरासमोर वाट मिळणे अधिक महत्त्वाचे असते. नागपूर किंवा जयपूर येथे उन्हाळ्यात कूलर उत्तम काम देतो, तर किनाऱ्यावर तोच कूलर घामात भर घालतो. तेव्हा शेजारच्या प्रांतातील उपाय डोळे मिटून उचलू नये.

छपरानंतर क्रम लागतो पश्चिमेकडील खिडकीचा. साध्या काचेतून उन्हाची चार-पंचमांश उष्णता सरळ आत येते. आतून पडदा लावल्यास प्रकाश अडतो, पण उष्णता काचेच्या आत आलेलीच असते. म्हणून सावली नेहमी बाहेरून करावी. बांबूच्या कामट्यांचा चिक, लाकडी झडप, लहानसे छज्जे किंवा कुंडीतून चढविलेला वेल, यांपैकी काहीही चालेल. राजस्थानातील दगडी जाळ्या आणि केरळातील उतरते रुंद छप्पर यांमागे हेच ज्ञान आहे.

उष्णता अडविल्यानंतरच उपकरणांकडे वळावे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी जातीचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. पंखा दिवसाला १२ तास आणि वर्षातून २४० दिवस चालला, तर जुन्या पंख्याला २१६ युनिट लागतात व नव्याला ८६. म्हणजे दरवर्षी १३० युनिट वाचतात. युनिटचा दर सात रुपये धरल्यास ही बचत सुमारे ९०० रुपये होते. नवा पंखा दीड हजार रुपयांनी महाग पडला, तरी दोन वर्षांच्या आत तो फरक भरून निघतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे ताऱ्यांचे चिन्ह अनिवार्य झाले आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

दिव्यांची गोष्ट सर्वपरिचित आहे. ६० वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. वातानुकूलन यंत्र असेल, तर तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे सांगणे आहे. यासाठी तर एक पैसाही खर्चावा लागत नाही.

पाणी तापविण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापविण्यास सुमारे चार युनिट वीज लागते. हे काम सूर्याकडे सोपविणारा बंब गच्चीवर बसविता येतो. सौर वीजसंच हा त्यापुढचा टप्पा. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. तरीही हा खर्च शेवटी करावा. ज्या घराची विजेची भूक आधी कमी झाली, त्याला लहान संचही पुरतो. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची बहुधा सर्वांच्या मालकीची असते. संस्थेचा ठराव हाती आल्याशिवाय तेथे चुन्याची बादलीही नेऊ नये.

आता प्रश्न विक्रीचा. येथे सुधारणांचे दोन वर्ग करावे लागतात. पंखे, दिवे आणि यंत्रे ही कुटुंबाबरोबर जातात. गच्ची, छज्जे, सौर बंब ही घराबरोबर राहतात. पहिल्यांचा लाभ मालकाने राहत असतानाच वसूल करून घ्यावा. ग्राहक किंमत देईल ती दुसऱ्यांची. म्हणून दोन-चार वर्षांत घर विकावयाचे असल्यास जो खर्च तेवढ्या अवधीत बचतीतून भरून निघतो तो निःशंकपणे करावा. ज्याला दहा वर्षे लागतील, त्याची भरपाई ग्राहक करील या भरवशावर राहू नये.

न दिसणारी सुधारणा दिसावी यासाठी सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे विजेचे देयक. सुधारणेपूर्वीच्या आणि नंतरच्या बारा महिन्यांची देयके एका पाकिटात जपून ठेवावीत; त्यांत गच्चीच्या कामाची पावती आणि हमीपत्र घालावे. ग्राहकाला घर दाखवावयाचे ते भर दुपारी, पंखा बंद ठेवून. ज्याला आपल्या घराची खात्री आहे, तोच विक्रेता हे धैर्य करू शकतो. ग्राहकानेही उलट बाजूने तोच नियम पाळावा: दुपारी यावे, छताला हात लावून पाहावा, देयके मागावीत. विक्रेता ती दाखवीत नसेल, तर संगमरवराच्या चकाकीने भुलू नये.

एक वर्ग मात्र या साऱ्या हिशेबाबाहेर राहतो, तो भाडेकरूंचा. छप्पर मालकाचे आणि देयक भाडेकरूचे, अशी स्थिती असल्यामुळे चुन्यावर खर्च करण्याचे कारण मालकाला दिसत नाही, आणि परक्याच्या छपरावर खर्च करण्याची ऐपत वा इच्छा भाडेकरूला नसते. पत्र्याच्या एका खोलीत राहणारे कुटुंब दुपारी घर सोडून झाडाखाली जाऊन बसते, ते यामुळेच. अशा ठिकाणी चुन्याचा खर्च कोणी द्यावयाचा, हे भाड्याचा करार करतानाच ठरवून घ्यावे. मालकाचे छप्पर टिकते आणि भाडेकरूची रात्र सुखाची जाते. अहमदाबादेत पालिकेला वस्त्यांतील छपरांवर स्वतः चुना पोहोचवावा लागला, कारण बाजाराच्या हिशेबात त्या छपरांना मोल नव्हते. २०१० च्या त्या मे महिन्याने ते मोल किती आहे, हे दाखवून दिले होते.