मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं



दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस. या दिवसांत कुठल्याही गावातल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात डोकावून बघा. फळीवर मिक्सर ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकाच्या वायरीला नावाची चिठ्ठी. दुकानदार मान वर न करता सांगतो, "आता भाऊबीज झाली की या." गंमत म्हणजे त्या ओळीतल्या काही मिक्सरना काहीच झालेलं नसतं.

आज घरी एक करून बघा. पिन सॉकेटमधून काढा, भांडं बाजूला ठेवा आणि मिक्सर आडवा करा. बुडाशी एक छोटं बटण दिसेल. बहुतेक कंपन्या ते लाल देतात. मोटरला झेपेल त्याहून जास्त ताण आला की हे बटण बाहेर येतं आणि वीज तुटते. मिक्सर एकदम गप्प होतो. "गेला वाटतं!" असं म्हणून आपण तो पिशवीत घालतो आणि दुकान गाठतो. तिथला माणूस बटण आत दाबतो, मिक्सर सुरू होतो. प्रामाणिक असेल तर चहाचेही पैसे घेत नाही. सगळेच तसे नसतात. घरच्या घरी काय करायचं? पाच-दहा मिनिटं मोटर निवू द्यायची, भांड्यातलं निम्मं वाटण काढून घ्यायचं आणि बटण दाबायचं. हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका वॉरंटी कार्डासकट कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, आणि घर बदलेपर्यंत खाली येत नाही.

घरात रोज वापरतो, पण आत काय आहे याची दखलच घेत नाही, अशा यंत्रांमध्ये मिक्सरचा नंबर पहिला लागेल. एरवी आपल्या घरातली बरीच यंत्रं दुसऱ्या कुणाच्या तरी राहणीसाठी तयार झाली आणि मग आपण त्यांच्याशी जुळवून घेतलं. मिक्सरची गोष्ट तशी नाही. १९६०च्या सुमारास मुंबईतल्या काही घरांत परदेशी मिक्सर आले होते. फळांचा रस, दुधाची पेयं, केकचं पातळ मिश्रण, एवढ्या कामासाठी ते केलेले. माधुरी माथुर यांच्याकडे ब्राऊन कंपनीचा असा एक मिक्सर होता. आपल्या वाटणापुढे त्याची मोटर जळाली, आणि ती दुरुस्त करून देणारं इथे कुणी नव्हतं. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. भारतीय स्वयंपाकाला पुरी पडेल अशी मोटर आपणच करायची, असं त्यांनी ठरवलं. १९६३मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर आला. आज साठी-सत्तरीत असलेल्या श्रोत्यांना आठवत असेल, एके काळी दुकानात जाऊन लोक मिक्सर मागत नसत, सुमीत मागत.

आपलं वाटण हे यंत्राच्या दृष्टीनं भलतंच अवघड काम आहे. ओलं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, सुक्या मिरच्या, भिजवलेली उडदाची डाळ; कधी कोरडं, कधी चिकट, कधी तेल सुटणारं. पाट्यावर वरवंटा घेऊन बसणारी बाई हाताच्या अंदाजानं जोर कमी-जास्त करायची. पाणी कधी शिंपडायचं ते तिला कळायचं. आणि पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी दारावर यायचीच. मिक्सरला तो अंदाज नाही. तो नुसता फिरतो.

आणि किती फिरतो! छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. मिक्सरची मोटर रिकामी असताना अठरा-वीस हजार फेरे घेते. एवढ्याशा मोटरमधून एवढी ताकद निघते ती या वेगाच्या जोरावर. आता भांड्यात घट्ट गोळा अडकला, की वेग पडतो. वेग पडला की मोटर जास्त वीज ओढते, आणि जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. तिला गार ठेवणारा छोटा पंखा वेगळा नसतो, मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे मोटर सगळ्यात जास्त तापते, नेमका तेव्हाच तिचा वारा कमी होतो. मिक्सर जळतो तो इथे. तो जो जळका वास येतो, तो तांब्याच्या तारेवरच्या लेपाचा. लेप जळाला की तारा एकमेकींना चिकटतात, आणि मग मोटर नव्यानं भरून घेण्यावाचून इलाज नाही.

एवढं लक्षात आलं की वापरायचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आवाज कमी व्हावा म्हणून मिक्सरखाली टॉवेलची घडी घालणारी पुष्कळ घरं आहेत. बुडाशी वारा आत घेण्याच्या फटी असतात, त्या टॉवेलनं बंद होतात. आवाज थोडा कमी होत असेल, आयुष्य त्याहून जास्त कमी होतं. मिक्सर सरळ ओट्यावर ठेवा. बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर '३० मिनिटं' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ अर्धा तास सलग चालवा असा नाही. बऱ्याच पुस्तिकांमध्ये पाच मिनिटं चालवायचा आणि दोन मिनिटं थांबवायचा, अशा फेऱ्या दिलेल्या असतात. आणि वाटण घट्ट असेल तर सावकाश म्हणून एक नंबरवर घरघरवत ठेवण्यापेक्षा थोडं थोडं घालून, लागेल तेवढं पाणी घालून वेगात फिरवलेलं मोटरला बरं.

वेग बदलायच्या बटणावर शून्याच्या उलट्या बाजूला 'इंचर' किंवा 'पल्स' लिहिलेली एक जागा असते. हात ठेवाल तेवढाच वेळ चालते. शेंगदाण्याचं कूट करायचं ते तिथेच, थांबत थांबत. सलग फिरवलंत तर तेल सुटून त्याचा लगदा होतो, आणि मग उपासाच्या खिचडीत तो गोळ्यागोळ्यानं तोंडात येतो. लसणाच्या चटणीचं, सुक्या खोबऱ्याचंही तेच. हळकुंड आणि सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी. गरम टोमॅटो, गरम सूप घालून झाकण गच्च लावू नये. वाफ झाकण उडवते आणि हात भाजतो. इडलीचं पीठ मात्र मिक्सरपेक्षा दगडी ग्राइंडरमध्ये चांगलं होतं हे मान्यच करायला हवं. दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही. कोइमतूरच्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते उगाच नाही.

मिक्सरमध्ये खडेमीठ फिरवलं की पात्यांना धार लागते, असं सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. मिठानं भांड्याचा चिकटपणा जातो, वास जातो. धार लावायची तर पातं काढून दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं.

आता दुरुस्तीकडे येऊ. मोटरचा आवाज येतोय, पण पातं फिरत नाही. बहुतेक वेळा हा कपलर गेलेला असतो. कपलर म्हणजे मोटर आणि भांडं यांना जोडणारी दातेरी चकती. एक वर भांड्याच्या बुडाला, एक खाली मोटरवर. ती प्लास्टिकची किंवा नायलॉनची असते, आणि ते स्वस्तात काम भागवायला नाही. भांड्यात काही अडकलं तर मोटर जळण्याआधी चकतीचे दाते झिजावेत, अशीच ती योजना आहे. चकती शे-दीडशे रुपयांच्या आत मिळते आणि घरी बदलता येते. फक्त एक खुबी आहे. पातं ज्या दिशेनं फिरतं, त्याच दिशेनं मोटरवरची चकती फिरवली की तिचे आटे सुटतात. उलट केलं असतं तर मिक्सर चालता चालता ती आपोआप निघून आली असती. पुष्कळ जण नेमकी उलटी फिरवतात, जोर लावतात आणि आटे मारून ठेवतात. पिन काढल्याशिवाय यातलं काहीही करू नका, हे सांगायलाच हवं.

मिक्सर मध्येच थांबतो, हलवला की पुन्हा चालतो, आत ठिणग्या जास्त दिसतात? मग कार्बन संपत आलेत. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनच्या दोन छोट्या कांड्या स्प्रिंगनं दाबून बसवलेल्या असतात. फिरत्या भागाला वीज त्यांच्यातून मिळते, आणि घासून घासून त्या झिजतातच. तो बिघाड नव्हे, रोजची झीज आहे. बहुतेक मिक्सरमध्ये त्यासाठी डबा उघडावा लागतो, तेव्हा हाताला सवय नसेल तर दुकानातच करून घ्या. नवे कार्बन घातल्यावर भांडं न लावता थोडा वेळ फिरवून ते बसू द्यावे लागतात.

तिसरी गोष्ट, भांड्याच्या बुडातून काळं, तेलकट पाणी गळणं. याकडे आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो, आणि खरा धोका इथे आहे. पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला, सील फाटलं, की वाटणाचं पाणी थेट मोटरवर ठिबकतं. शिवाय ती काजळी चटणीत उतरते ती वेगळीच. पातं बोटांनी धरून हलवून बघा. डुगडुगत असेल, तर बुश बदलायची वेळ झाली.

एवढं करूनही नवा घ्यायचाच ठरला, तर दुकानात वॉटचे आकडे ऐकून भुलू नका. पाचशे ते साडेसातशे वॉटमध्ये चार-पाच माणसांच्या घराचं काम होतं. विजेची काळजी तर नकोच. साडेसातशे वॉटचा मिक्सर दहा मिनिटं चालला तर युनिटचा आठवा भाग लागतो. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा रात्रभर त्याहून कितीतरी जास्त खातो. विचारायचं ते हे, की मोटरमधली तार तांब्याची आहे की अ‍ॅल्युमिनियमची? अ‍ॅल्युमिनियम विजेला दीडपटीहून जास्त अडवतं, म्हणून तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. आणि दुसरं, याचे कपलर, कार्बन, भांडी पाच वर्षांनी तुमच्याकडे मिळतील का? या प्रश्नावर दुकानदार घुटमळला तर पुढचं दुकान बघावं. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून वापरता यावी म्हणून केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केलं आहे. पण काउंटरवर उभं राहून सुटे भाग मागणारं गिऱ्हाईक नसेल, तर कंपन्या ते फार काळ ठेवणार नाहीत.

तेव्हा पिठीसाखर आणि फराळाच्या मसाल्यांचा घाणा सुरू होण्याआधी मिक्सर एकदा तपासून घ्या. दुकानात न्यायचाच असेल तर याच आठवड्यात न्या, तिन्ही भांडी बरोबर न्या, कारण बरेच दोष भांड्यातच असतात. आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्या.