दोन तालमींचा माणूस



स्नेहसंमेलनाच्या पाहुण्याने कलेक्टर, शास्त्रज्ञ किंवा क्रिकेटपटू यांची नावं घ्यावीत असा रिवाज आहे. मी आज एका वादकाचं नाव घेणार आहे, आणि ते तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल: त्रिलोक गुर्टू. जन्म ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई. जाझ, रॉक आणि हिंदुस्थानी ताल यांच्या सीमेवर बसून हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं वाजवतो आहे, आणि त्याला कोणत्या रकान्यात बसवायचं हे कॅसेटच्या दुकानदारालाही कधी कळलं नाही. अशा कलावंताला आपण 'प्रयोगशील' म्हणतो आणि मनात धरतो की याने शिस्त झुगारली, परंपरा मोडली, मनाला येईल ते केलं. मला याच्या उलट सांगायचं आहे. खरा प्रयोगशील कलावंत शिस्त मोडत नाही. तो दोन शिस्ती एकाच वेळी पाळायला बसतो. त्या दोन्ही पाळताना जे नवं करणं भाग पडतं, त्याला आपण मागाहून प्रयोग म्हणतो.

पहिली शिस्त घरची. त्यांच्या आई शोभा गुर्टू, माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा. ठुमरीत त्यांच्याइतका अधिकार फार थोड्यांचा होता आणि २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आजी मेनकाबाई शिरोडकर यांना खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. अशा घरात मुलगा लहानपणीच तबल्यावर बसला यात नवल नाही. दुसरी शिस्त आली तबकड्यांमधून. साठच्या दशकात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या तबकड्या मुंबईतल्या मुलांच्या हाती येत होत्या, आणि गुर्टू ड्रमसेटकडे वळले. इथे एक गंमत झाली. हेंड्रिक्सवरच्या १९९५ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनीच ती सांगितली आहे. स्टुडिओत एक भाग ध्वनिमुद्रित करून त्यावर दुसरा, मग तिसरा चढवतात, ज्याला ओव्हरडबिंग म्हणतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे जे थरावर थर रचून तयार झालं होतं, ते माणसं एका बैठकीत वाजवतात असं समजून ते सगळं स्वतः वाजवायचा सराव करत राहिले. ज्याच्या वाटेला बाकीचे वादक गेलेच नसते, ते त्यांच्या हातात बसलं. यातून अज्ञान चांगलं असं कोणी काढू नये. अज्ञान शेकडो पोरांना होतं. या मुलाने मात्र ऐकलेल्या वाद्याचा शब्द खरा मानला आणि तो शब्द पाळला. नियम चुकीचा होता, पाळणं खरं होतं.

आता या दोन शिस्ती एकमेकींना किती आडव्या जातात ते पाहा. रॉकचा ठेका बहुधा चार मोजण्यांचा, वजन दुसऱ्या आणि चौथ्या मोजणीवर, आणि तो सरळ पुढे चालत राहतो. आपला ताल आवर्तनाचा. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून पुन्हा समेवर येतात, नवव्या मात्रेला खाली, आणि एकच तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर आदळायचा म्हणजे तिहाई. रॉकच्या ठेक्यात तिहाई घुसडली तर ऐकणाऱ्याचा पाय चुकतो. तिहाई सोडली तर तबल्याची तालीम वाया जाते. नुसत्या बैठकीचीही पंचाईतच. तबल्याला मांडी घालून बसावं लागतं, ड्रमसेटला स्टूल लागतं आणि दोन्ही पाय गुंततात. एकाच माणसाने दोन्ही वाजवायचं तर काय करायचं? गुर्टूंनी ड्रमसेटच खाली उतरवला. ते जमिनीवर, अर्धवट गुडघ्यावर बसतात आणि भोवती तबला, ड्रम, झांजा आणि थाळे रचून घेतात. परदेशी प्रेक्षकांना हा रंगमंचावरचा चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात तो एका अडचणीचा हिशेबी तोडगा आहे. तसंच त्यांच्या पाण्याच्या बादलीचं. वाजता थाळा ते पाण्यात बुडवतात आणि त्याचा स्वर घसरत खाली येतो. कारण साधं आहे: धातूबरोबर पाणीही हलवावं लागतं, वस्तुमान वाढल्यासारखं होतं आणि कंपनं मंदावतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करायला हरकत नाही. पण बादली सुचली कशी? माझा तर्क असा की डग्ग्यावर मनगट सरकवून नाद वळवायची ज्याला सवय आहे, त्याला न वळणारा धातू अपुरा वाटणारच. घुमाऱ्याची भूक तबल्याची आहे आणि ती भागवली बादलीने.

कोणी म्हणेल, असा माणूस ना इकडचा ना तिकडचा. ही शंका रास्त आहे, पण तिचा निकाल पुराव्यावर लावू. दोन्हीकडच्या जाणत्यांनी त्याला कामाला घेतलं का? सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले. म्युनिकच्या एम्ब्रियो या प्रयोगशील रॉक गटाबरोबर वाजवलं. हा गट असा की १९७८-७९ मध्ये जर्मनीहून बसगाड्या घेऊन अफगाणिस्तानमार्गे भारतात आला होता. अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांनी त्यांना साथीला घेतलं. ओरेगॉन या अमेरिकन गटाचे कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवत, तबला ते अल्लारखाँकडे शिकले होते. १९८४ साली पूर्व जर्मनीत मोटार अपघातात ते गेले, आणि त्यांची जागा भरायला गटाने गुर्टूंना बोलावलं. १९८८ पासून ते गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत होते. नोव्हेंबर १९८९ मधल्या लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील मैफिलीची तबकडी आजही मिळते. अमेरिकेच्या 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी नव्वदच्या दशकात त्यांना एकाहून अधिक वेळा सर्वोत्तम तालवादक ठरवलं. मात्र मला सर्वांत बोलका वाटतो तो त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम, १९८८ चा 'उस्फ्रेट'. त्यात डॉन चेरींचा ट्रम्पेट आहे, ओरेगॉनचे राल्फ टाउनर आहेत, आणि गायला आहेत शोभा गुर्टू. बंडखोर म्हणवणाऱ्या मुलाने पहिल्याच मोठ्या कामात आईला गायला बसवलं, आणि ठुमरी गाणाऱ्या आईनेही ते मानलं. २००४ च्या 'ब्रोकन रिदम्स'मध्ये रॉक गिटारवादक गॅरी मूर आहे, सायबेरियाच्या तुवा प्रांतातले घशातून दोन स्वर काढणारे गायक आहेत आणि इटलीचे तंतुवादकही. अशा मेळ्यांतलं सगळंच जमून येतं असं माझं मत नाही. काही तुकडे नुसत्या ओळखी करून दिल्यासारखे वाटतात. पण जिथे जमतं तिथे ते तालाच्या हिशेबावर जमतं.

हा एकट्या गुर्टूंचा अपवाद नाही. तुमच्या-माझ्या भाषेतलं जवळचं उदाहरण नंदू भेंडे यांचं. वडील आत्माराम भेंडे, आई डॉ. आशा भेंडे, दोघं मराठी रंगभूमीवरची. मुलगा मात्र मुंबईच्या रॉक गटांतून इंग्रजी गाणी गाऊ लागला. सत्तरच्या दशकात अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत केला, त्यात तो जुडास होता. मग १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ब्रेख्तचं नाटक पु. ल. देशपांडे यांच्या रूपांतरात 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून केलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. चंदावरकर मूळचे सतारिये. त्याच नाटकात नाट्यसंगीताच्या आणि लोकसंगीताच्या वळणाची गाणी होती आणि भेंडे यांच्या अंकुशच्या तोंडी रॉक होता. मराठी प्रेक्षक बिथरला नाही, कारण शब्द स्वच्छ मराठीत पोचत होते आणि गाणारा रंगमंचावर वाढलेला होता. नुसत्या रॉक गायकाला ते नाटक पेललं नसतं, नुसत्या नटाला ती गाणी.

सर्वांत जुना आक्षेप आहे तो परकेपणाचा. 'आपलं काय कमी आहे म्हणून त्यांचं घ्यायचं?' असं विचारणाऱ्यांच्या भजनी मंडळात पेटी असते. या हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें यांनी घेतलं. मूळचं वाद्य खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता दिला आणि ते मांडी घालून वाजवता येईल असं केलं. वाद्य जमिनीवर उतरवण्याचं गुर्टूंनी केलेलं काम त्यांच्या सुमारे शंभर वर्षं आधीच पेटीच्या बाबतीत होऊन गेलं होतं. त्या वेळीही शुद्धतेचे राखणदार होतेच: आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर नाट्यसंगीत आणि कीर्तन पेटीवाचून थांबलं नाही. याहून जवळचा पुरावा हवा असेल तर तो तुमच्याच सोयगाव तालुक्यात आहे. अजिंठ्याची लेणी पाहायला जग फर्दापूरला उतरतं. तिथल्या चित्रांमधला गडद निळा रंग लाजवर्दाचा, आणि लाजवर्द सह्याद्रीत सापडत नाही. तो अफगाणिस्तानातून आला. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पेहरावातली माणसं बसलेली आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी वाघूरच्या काठावर काम करणाऱ्या चित्रकाराला दूरचा रंग वापरताना आपण परके होऊ अशी भीती वाटली नाही, कारण त्याच्या रेषेवर त्याचा भरवसा होता. भीती वाटते ती रेष कच्ची असणाऱ्याला.

पोटाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. पालकांनी तो घ्यायलाच हवा. गुर्टूंचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला तेव्हा ते छत्तिशी ओलांडलेले होते. त्याआधीची सारी वर्षं दुसऱ्यांना साथ करण्यात गेली. संगीतात बहुतेकांची भाकरी साथीवरच भाजली जाते, प्रयोग तिच्या शेजारी चालतो. आणि ते स्थायिक झाले हॅम्बर्गला. बेळगावच्या गायिकेचा, मुंबईत वाढलेला मुलगा जर्मनीत राहून जगभर तबला नेतो याचा अभिमान बाळगायचा, पण त्याला इथे पुरेसा श्रोता मिळाला नाही हेही सांगायचं. तो दोष कलावंताचा नाही. नंदू भेंडे इथेच राहिले, त्यांनी हिंदी चित्रपटात गायलं, स्टुडिओ चालवला, आणि २०१४ साली गेले. रॉक गायक म्हणून त्यांच्या योग्यतेची नोंद मराठीत फार कमी झाली.

शेवटचा आक्षेप मुलांच्या डोळ्यांत मला दिसतो आहे. शोभा गुर्टूंच्या घरी जन्मलेल्याचं आम्हाला काय सांगता? बरोबर आहे. त्यांना घरातच कान मिळाला. म्हणूनच ज्याच्या घरी गवई नाही त्याच्यासाठी ते घर शाळेने व्हायचं असतं. आणि सोयगाव काही मुकं गाव नाही. गोंधळ्याचा संबळ आहे, त्यातल्या एका बाजूची काठी वाकडी का असते हे किती जणांनी त्याला विचारलं? भजनात पखवाज आहे, बंजारा तांड्यांवर होळीची लेंगी गीतं आहेत, खाली उतरलं की खानदेशची अहिराणी गाणी सुरू होतात. तबकड्यांची टंचाई आता उरलेली नाही, फोनवर सगळं आहे, आणि गाण्यावर गाण्याचा थर चढवायला स्टुडिओही लागत नाही. नेमकी इथेच अडचण आहे: जे यंत्र करून देतं ते हाताने करून पाहायची गरज कोणाला वाटत नाही. थोड्या वेळाने याच मंचावर तयार ट्रॅकवर नाच होतील. ते व्हावेत, मजा यावी, माझी तक्रार नाही. पण त्यातलं एक गाणं तरी पुढच्या वर्षी ट्रॅक बंद करून, आपल्या हातांनी वाजवून उभं करा. ठेका रॉकचा ठेवा आणि वाद्य संबळ घ्या. पहिल्यांदा जमणार नाही. कुठे जमत नाही ते लिहून ठेवा.

आणि संस्थाचालकांना एक मागणं. वेळापत्रकात संगीताचा तास आहे तिथे गणिताची जादा शिकवणी घेऊ नका. येत्या अंदाजपत्रकात तबल्याची एक जोडी, एक ढोलकी, एक संबळ आणि जुना का होईना, एक ड्रमसेट एवढी तरतूद करा. तांड्यावरचा आणि गोंधळ्यांचा जाणता वादक महिन्यातून एकदा मानधन देऊन शाळेत बोलवा. आणि त्या खोलीची किल्ली कार्यालयात नव्हे, मुलांच्या हाताशी राहील अशी ठेवा.