केस कापायचे किती?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला नाही, फक्त वेळ दिली. सात मिनिटं. आपल्या लहानपणी एवढ्या वेळात एक डोकं पुरं व्हायचं, म्हणून आज केस कापण्यावरच बोलतो. समोर पाहिलं तर निम्म्या सभागृहाच्या दृष्टीनं हा विषय आता इतिहासात जमा झालेला दिसतो, पण तरी ऐकून घ्या.

१९७५ साली ‘दीवार’ आला आणि आपल्या वर्गातल्या सगळ्या पोरांना कानांवर केस हवे झाले. पी.टी.च्या सरांना मात्र कानांमागची त्वचा दिसायला हवी असे. या दोघांच्या मध्ये आमचे वडील. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माझ्या हातावर रुपया ठेवत. तो रुपया मेन रोडच्या बाजूच्या सलूनचा, जिथं फिरती खुर्ची होती आणि रेडिओ होता. मी मात्र सरळ खाली गोदाकाठी जायचो. तिथं घाटाच्या पायऱ्यांशी धोकटी घेऊन बसणारे असायचे. त्यांचा दर पन्नास पैसे. मी घासाघीस करून चाळिसावर आणायचो आणि उरलेल्या साठ पैशांची भेळ खायचो. बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण एवढा चोख व्यवहार पुन्हा जमला नाही.

या हिशेबात एक गोष्ट मी कधी धरली नव्हती. मी ज्यांच्यासमोर बसायचो, त्यांचा मुलगा आपल्याच वर्गात होता. रविवारी तो वडिलांच्या मदतीला घाटावर असे. पाण्याची वाटी भरून आणायची, वस्तऱ्याचा पट्टा धरायचा आणि शेवटी गिऱ्हाइकासमोर आरसा धरायचा. म्हणजे माझे चाळीस पैसे ठरत असताना तो हातभर अंतरावर उभा असायचा. आरशात मी माझे केस बघायचो, आरशामागे कोण आहे ते बघायचो नाही. सोमवारी वर्गात आम्ही एकमेकांना ‘काल भेटलो’ असं एकदाही म्हटलं नाही. त्याचं नाव घेत नाही. तो इथंच बसला आहे आणि ‘नाव घेतलंस तर उठून जाईन’ असा दम त्यानं मला सकाळीच दिला आहे.

पुढं वाचनात आलं की गावगाड्यात या कामाला दरच नव्हता. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीची सगळी हकीकत आहे. न्हाव्यानं वर्षभर घराघरातली डोकी सांभाळायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. ते किती मिळणार हे बरंचसं पिकावर आणि देणाऱ्याच्या मनावर. माझी घासाघीस त्याच जातीची होती, फक्त धान्याऐवजी नाण्यांत.

आणि पैसे असले म्हणजे केस कापून मिळतातच, हेही खरं नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याचं लहानपण सांगितलं आहे. गावात न्हावी होते, वडिलांपाशी पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. भावंडांचे केस मोठी बहीण कापायची. ज्या काळाराम मंदिरावरून आपण रोज शाळेत यायचो, तिथं २ मार्च १९३० ला त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला हे आपण पाठ केलं होतं. साताऱ्यातल्या त्या बहिणीची कात्री मात्र कोणी शिकवली नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं याच कारागिरांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. हातावर पोट असलेल्यांनी चालून आलेलं काम नाकारलं. त्याचा दर कसा लावायचा?

१९९४ साली माझे वडील गेले. दहाव्याला रामकुंडावर गेलो, तेव्हा क्षौराला समोर तेच काका बसलेले. हात थोडे थरथरत होते, पण वस्तरा लागला तेव्हा एक ओरखडा नाही. झाल्यावर मी न विचारता नोट पुढं केली. त्यांनी आपले तेवढे घेतले, बाकीचे परत दिले आणि धोकटी आवरता आवरता म्हणाले, ‘‘आज घासाघीस नाही केलीस, बाळा.’’ अठरा वर्षांनी! मी काहीच बोलू शकलो नाही. नंतर कधीतरी जाऊन बोलू असं म्हणत राहिलो, आणि काकाही गेले.

मग आलं २०२०. मार्चअखेर सगळं बंद झालं. तिसऱ्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतींनी शिवणाची कात्री घेतली. दीड तास लागला, खर्च शून्य आणि परिणाम असा की नातवानं व्हिडिओ कॉल बंद केला. २८ जूनपासून सलूनला परवानगी मिळाली, तीही केसांपुरती, दाढीला नाही. मी सिडकोत आपल्या मित्राच्या दुकानात गेलो. दोन खुर्च्या, त्यातली एक सुरक्षित अंतरासाठी रिकामी. तो सांगत होता, तीन महिने गिऱ्हाईक नव्हतं पण भाडं होतं. आता प्रत्येकाला नवा कागदी ॲप्रन, सॅनिटायझर, वर दोघांमध्ये खुर्ची पुसण्याची दहा मिनिटं. ‘‘लोक म्हणतात, वीस मिनिटांचे एवढे? मी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो ते कोण मोजणार?’’

मास्क लावलेला असला की माणसाला बोलायला धीर येतो. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे चाळीस पैसे आणि भेळ, सगळं मी आरशात बघत त्याला सांगून टाकलं. कात्री थांबली.

‘‘मला माहीत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बाबा घरी येऊन सांगायचे, तुझा भेळवाला आला होता म्हणून. पन्नास पैसे दिले असतेस तर त्या दहा पैशांची मी खाल्ली असती.’’

मी वळून काहीतरी बोलणार होतो. त्यानं दोन बोटांनी माझं डोकं खाली दाबलं.

‘‘हलू नकोस. कानाशी कात्री आहे.’’