समुद्रकांठीं जुन्या काँक्रीटचा उपयोग

जुनें घर उतरविलें कीं त्याच्या लांकडाला गिऱ्हाईक मिळतें, कौलें दुसऱ्याच्या छपरावर चढतात, जोत्याचे दगड नव्या पायांत जातात. काँक्रीटच्या वांट्याला हें भाग्य क्वचितच येतें. त्याचा राडारोडा पुष्कळदां रात्रींतून खाडीच्या कडेला ओतला जातो. आणि बंदराच्या बांधासाठीं मात्र दूरचा डोंगर फोडला जातो! ही उधळपट्टी कितपत थांबवितां येईल?

राडारोड्यानें समुद्र हटविणें ही कल्पना नवी नाहीं. १९२३ सालच्या भूकंपांत जपानांतील योकोहामा शहर उद्ध्वस्त झालें. तेथील ढिगारे किनाऱ्यावर भरून त्यावर यामाशिता उद्यान उभारलें. तें १९३० सालीं खुलें झालें.

पण भराव घालणें निराळें आणि जुन्या काँक्रीटची खडी करून नवें काँक्रीट बनविणें निराळें. अशा खडीला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. काळा दगड वरवर भिजतो. ही खडी विटेप्रमाणें पाणी पिते. म्हणून ती आधीं भिजवून घ्यावी लागते. शिवाय त्या सच्छिद्र थरांतून समुद्राचा क्षार आंत शिरतो आणि सळई गांठतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळें काँक्रीट तडकतें व खपल्या पडतात. किनाऱ्यावरील घरांचे छज्जे ज्यानें पाहिले आहेत त्यास हें सांगावयास नको.

भारतीय मानकानें २०१६ सालीं जाड खडीपैकीं साध्या काँक्रीटमध्यें शेंकडा २५ व सळयांच्या काँक्रीटमध्यें शेंकडा २० पर्यंत अशी खडी मान्य केली. सळयांच्या बाबतींत मात्र एम-२५ प्रतीपर्यंतच. उलट, समुद्राच्या पाण्यांतील सळयांच्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत हवी, असें २००० सालच्या मानकानें ठरविलें होतें. दोन्ही शेजारीं ठेवलीं कीं उत्तर मिळतें: धक्क्याच्या खांबांत व तुळयांत ही खडी नको.

तिची खरी जागा बिनसळईच्या ठोकळ्यांत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील चौपायी टेट्रापॉड सर्वांच्या परिचयाचे आहेत. ही जात १९५० सालीं फ्रान्समध्यें निघाली. असे ठोकळे बहुधा बिनसळईचेच असतात. तेथें अडचण निराळी, ती वजनाची. एक घनमीटर काँक्रीट सुमारें २४०० किलो भरतें. त्यांतील सुमारें १०२५ किलो समुद्राचें पाणी तोलून धरतें, उरतात १३७५. समजा, हलक्या खडीमुळें ५० किलो घटले. जमिनीवर ही घट शेंकडा दोन. पाण्यांत तीच शेंकडा साडेतीनांहून अधिक. लाट हिशेब करते तो पाण्यांतला. म्हणून ठोकळा मोठा करावा लागतो, आणि सिमेंटचा खर्चहि वाढतो.

खडी करण्यापूर्वीं लांकूड, प्लास्टिक, गिलावा व सळया वेंचून काढल्या पाहिजेत. फोडतांना पडणाऱ्या भुकटींत चुना असतो. ती खाडींत सोडल्यास पाणी क्षारधर्मी होऊन मासळीला बाधतें. आणि जुन्या धक्क्याचेंच काँक्रीट फोडावयाचें असेल, तर त्यांत मीठ आधींच मुरलेलें असतें. ती खडी सळईजवळ कोठेंच, गांवांतील घरांतसुद्धां, घालूं नये.