नवा शेजारी, जुना बांध
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणांचा बंदोबस्त यांवर बोलण्याची मला सवय. पण शिवारफेरीला कोठेही गेले तरी पिकाचे बोलणे संपता संपता कोणीतरी बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, पलीकडची जमीन विकली गेली. नव्या माणसाने तार ओढली. आता माझी गाडी जायची कोठून?" पीक कितीही उत्तम आले तरी ते शेताबाहेर काढता आले नाही तर उपयोग काय? म्हणून आज बांधावर आणि वाटेवर बोलणार आहे. मी वकील नाही. पण शेतकऱ्याने वकिलाकडे जाण्यापूर्वी जे माहीत करून घ्यावे, तेवढे सांगतो.

पूर्वी बांधाला बांध असणारा माणूस भाऊबंद असे, नाहीतर दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा. कोणाची गाडी कोठून जाते, पाट कोणाच्या कडेने येतो, हे सर्वांना तोंडपाठ होते, म्हणून कोणी लिहून ठेवले नाही. नवा घेणारा येतो तो खरेदीखत आणि सातबारा घेऊन. त्या कागदात चतुःसीमा असते, क्षेत्र असते, तुमची वाट बहुधा नसते. तेव्हा त्याने खांब रोवले म्हणजे तो भांडखोरच आहे, असे लगेच धरू नका. पहिला खांब रोवला जाण्यापूर्वी त्याला भेटा. त्याला चहाला बोलवा, सोबत गावातला एखादा जाणता माणूस घ्या आणि सगळा बांध त्याच्याबरोबर पायी फिरा. जुने हद्दीचे दगड, बांधावरची झाडे, गाडीची चाकोरी, पावसाचे पाणी उतरते ती जागा, हे सर्व त्याला दाखवा. त्याचेही ऐकून घ्या.

बांध किती सरकतो, याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट लांबीचा बांध धरा. नांगरताना एका बाजूने दरवर्षी केवळ चार इंच कोरले, तर दहा वर्षांत ४० इंच होतात. ३३० फुटांवर त्याचे क्षेत्र ११०० चौरस फूट भरते, आणि गुंठा आहे १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे कोणाच्या लक्षात न येता एक गुंठा इकडचा तिकडे गेला. ट्रॅक्टरवाला भाड्याचा असेल तर त्याला हद्द ठाऊक नसते. तो शेवटचा तास बांधाला घासून काढतो. त्याला पहिल्या दिवशीच सांगा. बांध कोरला की तो पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि वरची सुपीक माती दोघांचीही जाते, हे वेगळेच.

हद्दीबद्दल खरोखर शंका असेल तर टेप घेऊन आपसांत मोजू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. हल्ली तो ऑनलाइनही भरता येतो. मोजणीची नोटीस लगतच्या सर्व खातेदारांना जाते. त्या दिवशी हजर राहा, शेजाऱ्यालाही आग्रहाने बोलवा. त्याच्या माघारी झालेली मोजणी त्याच्या गळी उतरवणे कठीण जाते. मोजणीनंतर हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो, त्याला 'क' प्रत म्हणतात. ती मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. भूकरमापक हद्द दाखवतो, तो ताबा काढून देत नाही. अतिक्रमण निघाले तरी ते हटवण्याची कारवाई वेगळी असते. आणि हद्दीच्या खुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे जमीनधारकाचीच आहे. दगड उपटणे हा दंडास पात्र अपराध आहे, मग तो दगड चुकीच्या जागी आहे असे आपल्याला कितीही वाटो.

आता वाटेकडे येतो. येथेच जास्त नुकसान होते, आणि तेही उशिरामुळे. दोन कायदे आहेत व दोन्हींचे अर्ज तहसीलदारांकडेच जातात, त्यामुळे गोंधळ होतो. वाट पूर्वीपासून चालू होती आणि कोणी ती आता अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली दावा करायचा. त्याला मुदत आहे, अडवल्यापासून सहा महिने. "बघू, सुगी होऊ द्या", "पंचांना विचारू", "दिवाळीला तो येईल तेव्हा बोलू" असे करता करता सहा महिने सहज निघून जातात. बोलणी अवश्य करा, पण ज्या दिवशी वाट अडली ती तारीख वहीत लिहा, छायाचित्र काढा आणि बोलणी चालू असतानाच पाचवा महिना उलटू देऊ नका. याच कलमात आणखी एक सोय आहे. वरच्या शेतातून नैसर्गिकपणे उतरणारे पाणी खालच्याने बेकायदा बंधारा घालून अडवले आणि त्यामुळे शेताचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तोही अडथळा दूर करण्यास सांगता येते.

दुसरी स्थिती अशी, की शेताला जायला वाटच नाही. तेथे १९६६ च्या अधिनियमाचे कलम १४३ उपयोगी पडते. तहसीलदार चौकशी करून दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या बांधावरून वाट देऊ शकतात. बांधावरून, हे ध्यानात घ्या. जवळ पडते म्हणून शेजाऱ्याच्या उभ्या उसाच्या मधून वाट मागू नये. निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. दोन स्थितींपैकी आपली कोणती, हे अर्ज लिहिण्यापूर्वी ठरवा. चालू वाट अडवलेली असताना कलम १४३ खाली नवी वाट मागितली, तर समोरचा म्हणणारच, "वाट नव्हती, हे यांनीच कबूल केले."

परवानगी आणि हक्क यांतला फरकही समजून घ्या. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे एखादी वाट २० वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. जी वाट केवळ मालकाच्या परवानगीने चालू आहे, तिच्यावर असा हक्क होत नाही. म्हणून नव्या शेजाऱ्याने गोड बोलून "माझ्या परवानगीने जातो, एवढे लिहून द्या" म्हटले, तर वडिलोपार्जित वहिवाट असणाऱ्याने सही करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. उलट, तुम्हीच नव्या माणसाला दोन हंगाम माणुसकीने वाट दिली असेल, तर ती परवानगी आहे असे साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा. यात अविश्वास नाही. आपण दोघे सरळ असू, पण पुढे मुले असतात, जावई असतात.

आणखी एक पेच यंत्रांचा. बैलगाडीची वहिवाट होती म्हणून उसाचा ट्रक नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसरा प्रकार येत नाही, असे हाच कायदा सांगतो. मात्र यंत्रांची गरज ओळखून राज्य शासनाने मे २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असा निर्णय काढला आहे. तुमच्या वाटेबद्दल आदेश झाला असेल किंवा दोघांत समझोता झाला असेल, तर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, या नोंदीचा पाठपुरावा करा. अशी नोंद असती तर नव्या शेजाऱ्याला खरेदीपूर्वीच वाट दिसली असती.

पाण्याच्या पाइपाचेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या शेतातून पाइप किंवा चारी नेण्यासाठी कलम ४९ खाली तहसीलदारांची परवानगी मागता येते. पाइप जमिनीखालून नेताना तो किमान अर्धा मीटर खोल असावा. शेजारी खोल नांगरट करणारा असेल तर मी याहून खोल गाडायला सांगेन, कारण फुटलेल्या पाइपाचे भांडण दोन हंगाम पुरते.

बांधावरच्या झाडांबद्दल मात्र माझ्या विषयातले बोलतो. पूर्व-पश्चिम बांधावर उंच झाडांची रांग लावली की हिवाळ्यात सावली उत्तरेकडच्या शेतात पडते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणजे तुमचे शेत बांधाच्या दक्षिणेला असेल, तर झाडे तुमची आणि रब्बीत गहू-हरभरा उताऱ्याला कमी पडणार शेजाऱ्याचा. मुळेही पलीकडचा ओलावा ओढतात. सामाईक बांधावर निलगिरी किंवा बाभळीऐवजी वाळा लावा. तो माती धरून ठेवतो आणि फारशी सावली करत नाही.

ज्यांना यंदा मोजणी करून घ्यायची आहे, त्यांनी रब्बीची काढणी होऊन शेत मोकळे होईल त्या सुमाराची तारीख मिळेल अशा बेताने अर्ज करावा. उभ्या पिकात रेषा नीट मिळत नाही आणि पीकही तुडवले जाते. अर्जापूर्वी चालू सातबारा, गट नकाशा आणि जुने सर्व्हे नंबर असतील तर त्यांचे टिपण काढून ठेवा. गाव नकाशाही पाहा. त्यावर तुटक रेषांनी गाडीमार्ग आणि पायवाट दाखवलेली असते, आणि तुमची वाट त्यावर निघाली तर अर्धे काम तेथेच झाले. येताना हे कागद बरोबर आणले असतील तर भाषणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला बसू, एकेकाचा नकाशा पाहू.