बंद कारखान्याची माती आणि आपली भाजी

(परभणी जिल्ह्यातील महिला शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्या आपण विकत आणत नाही. बांधावरून, पडीक जागेतून खुडून आणतो. बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातून मीही खुडल्या आहेत. शेळ्या तिथेच चारल्या आहेत. कारखाना बंद झाला की घाणही बंद झाली, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

टीव्ही, कॉम्प्युटरच्या प्लास्टिकने चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची आगरोधक रसायने घालत आले आहेत. त्यातली कित्येक मातीत वर्षानुवर्षे तशीच राहतात. पावसाने विरघळत नाहीत, मातीच्या कणांना चिकटून बसतात. गाजर-मुळ्याच्या सालीत उतरतात, धुळीबरोबर पालेभाजीवर बसतात. शेळी चरताना गवताबरोबर माती खाते. मग ते विष तिच्या दुधात आणि पुढे आपल्या अंगावरच्या दुधात येते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या सेंट लुइस गावी असे रसायन बनवणारा कारखाना होता. 1973 साली तिथली पोती चुकून जनावरांच्या खाद्यात गेली. लाखो लोकांच्या पोटात दूध, मांस, अंडी यांतून ते गेले. सुमारे 30 हजार गुरे मारावी लागली. 1978 साली कारखाना बंद झाला, पण जमीन आणि नदी विषारीच राहिली. आईच्या पोटात आणि दुधातून ज्या मुलींना हे रसायन जास्त मिळाले, त्यांची पाळी लवकर सुरू झाल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. चूक कारखान्याची, भोग मुलींच्या वाट्याला!

असा कारखाना आपल्या गावात नसेल. पण हे रसायन भंगारातून येऊ शकते. बंद गोदामात, पडक्या आवारात जुने टीव्ही फोडतात, तांब्यासाठी जाळतात. जाळल्याने विष संपत नाही, त्यातून आणखी घातक विषे तयार होतात. फोडायला बसतात त्या बायाच, मांडीवर मूल घेऊन. दोष त्यांचा नाही. पोटासाठी दुसरे काम नाही म्हणून त्या बसतात.

कायदा आहे. 2018 साली केंद्र सरकारने अशा टिकाऊ विषांपैकी सात रसायनांवर बंदी घातली, त्यात आगरोधकेही आहेत. पण आधीच मातीत गेलेले कोण काढणार? शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश असतात, हे विष नसते. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असे समजू नका.

म्हणून काय करायचे? जिथे भंगार जाळले जाते तिथली भाजी खुडू नका, जनावरे सोडू नका. कंदांची साल काढा, पालेभाजी नीट धुवा. बाळाला अंगावर पाजणे मात्र थांबवू नका. आईच्या दुधाला तोड नाही. स्वच्छ करायची आहे ती जमीन.

आणि महिला ग्रामसभेत विषय मांडा. बंद जागेत पूर्वी काय बनत होते, आज काय जाळतात, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. माती तपासण्याची मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. भंगार फोडणाऱ्या बायांना सोबत घ्या, त्यांच्यासाठी सुरक्षित काम मागा. अर्जाचा मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर गावागावाच्या गटांनी बसून तो भरू या.