शेकडा कशाचा?

(स्वयंसेवकांच्या शिबिरातील भाषण)



आपल्याला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : "राज्यातले बहुतेक निरक्षर लोक आदिवासी नाहीत. मग अकोल्याच्या डोंगरात वेगळे काम कशाला?" प्रश्नातली माहिती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कसा, ते पाहू.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.3 टक्के होती, तर अनुसूचित जमातींची 65.7 टक्के. ही टक्केवारी सात वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांची असते. अशी 1000 माणसे एका मैदानात उभी आहेत असे समजा. त्यांत आदिवासी सुमारे 90 आणि इतर 910. आता कागदावर दोन आडव्या ओळी व दोन उभे रकाने आखा :

आदिवासी : साक्षर 59, निरक्षर 31, एकूण 90
इतर : साक्षर 764, निरक्षर 146, एकूण 910

फक्त निरक्षरांचा उभा रकाना वाचला, तर 177 पैकी 31 जण आदिवासी, म्हणजे शेकडा 18 सुद्धा नाहीत. प्रश्न विचारणारा इथेच थांबतो. पण इतरांची संख्याच दहापट असल्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसणारच.

म्हणून ओळ आडवी वाचा. 90 आदिवासींपैकी 31 निरक्षर, म्हणजे शेकडा 34. 910 इतरांपैकी 146, म्हणजे शेकडा 16. दुपटीहून अधिक! दोन्ही ओळींत शेकडा प्रमाण सारखे आले असते, तर समाज आणि साक्षरता यांचा संबंध नाही असे म्हणता आले असते. इथे संबंध स्पष्ट आहे.

मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे. आदिवासी असणे हे निरक्षरतेचे कारण नाही. शाळेचे अंतर, गरिबी, कामासाठी घर सोडून जाणे, यांचा शोध वेगळा घ्यावा लागतो. आदिवासींचीच ओळ पुन्हा विभागली, तर शंभर पुरुषांत 26 निरक्षर आणि शंभर स्त्रियांत 43. म्हणजे एका ओळीच्या पोटातही दुसरी दरी लपलेली असते.

तेव्हा यंदा अभ्यासवर्गाच्या वहीत प्रत्येक मुलापुढे दोन गोष्टी लिहा : कुटुंब हंगामात कामासाठी गाव सोडते का, आणि मूल त्या काळात शाळेत जाते का. मग गाव सोडणाऱ्यांचा शेकडा वेगळा काढा, न सोडणाऱ्यांचा वेगळा. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर आपला पैसा आधी हंगामी निवासाच्या सोयीकडे वळवण्याचा विचार करू. फरक नसेल, तर कारण दुसरीकडे शोधू.

कोणीही टक्केवारी सांगितली, की आधी नम्रपणे एकच विचारा : शेकडा कशाचा?